पाळीव सरड्यासाठी टोळ: दर आठवड्याला विकत आणावेत की घरीच वाढवावेत?

लेस्टरची_सई

नमस्कार मंडळी. विषय जरा वेगळा आहे, पण इथे परदेशात राहणारे आणि प्राणी पाळणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते.

आमच्या धाकट्याकडे बिअर्डेड ड्रॅगन जातीचा सरडा आहे, साधारण पाच महिन्यांचा. सध्या तो झपाट्याने वाढतोय आणि त्याला रोज जिवंत किडे लागतात. इथे इंग्लंडमध्ये दुकानात छोट्या प्लास्टिकच्या डब्यांतून टोळ मिळतात. लहान, मध्यम, मोठे असे आकार असतात, एक डबा तीन-साडेतीन पौंडांना पडतो. आठवड्याला तीन-चार डबे संपतात, म्हणजे आमच्या भाजीइतकाच त्याचा खर्च. थंडीत टपालाने मागवले की अर्धे मेलेले निघतात.

तर प्रश्न असे:
घरी टोळ वाढवता येतात का? वास आणि आवाज किती? टोळांऐवजी रातकिडे दिले तर चालतं का? मागच्या अंगणातले नाकतोडे पकडून दिले तर?

अजून एक. सासरे माळकरी आहेत, उन्हाळ्यात चार महिने राहायला येणार आहेत. त्यांच्या मनाला लागेल असं काही घरात नको आहे. कुणी हे सांभाळलं असेल तर तेही सांगा.

बे_एरियातला_बंड्या

तुम्हाला टोळ मिळतात हेच नशीब. आम्हाला अमेरिकेत टोळ विकत मिळतच नाहीत. पिकांवरची कीड म्हणून शेतीखात्याची त्यांवर बंधनं आहेत. इथे सगळा कारभार रातकिड्यांवर आणि ड्युबिया झुरळांवर. लेकीला लेपर्ड गेको (पालीसारखा ठिपकेदार सरडा) हवा होता, बायकोने एकच अट घातली होती की घरात झुरळ दिसता कामा नये. आता गॅरेजमध्ये खोक्यात दोनशे आहेत.

कॉव्हेंट्रीकर

सईताई, मी घरी टोळ वाढवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

वाढवता येतात. पण टोळ हा वाळवंटातला किडा आहे, हे धरून सगळी मांडणी करायची. त्याला दिवसा ३० ते ३५ अंश ऊब लागते, हवा कोरडी आणि खेळती लागते. इंग्लंडमधल्या घरात हे आपोआप होत नाही. आतला दिवा किंवा सिरॅमिक हीटर दिवसभर चालू ठेवावा लागतो. विजेचं बिल बघूनच हिशोब करा.

पेटी काचेची असावी आणि उंच असावी. वरचं झाकण धातूच्या जाळीचं, नायलॉनची जाळी ते कुरतडून बाहेर येतात. आत उभ्या काटक्या ठेवायच्या. टोळ कात टाकताना काटकीला उलटा लटकतो, खाली स्वतःच्या लांबीपेक्षा जास्त मोकळी जागा नसली तर पंख आणि पाय वाकडेच राहतात. त्या वेळी पेटी हलवू नका. कात टाकणारा टोळ मऊ असतो आणि भुकेले भाऊबंद त्यालाच खातात, म्हणून चारा कधी संपू द्यायचा नाही.

अंड्यांसाठी काचेची बरणी घ्या, त्यात किमान चार इंच ओलसर वाळू. मुठीत दाबली तर लाडू वळला पाहिजे, पण पाणी सुटता कामा नये. मादी पोटाचं टोक वाळूत घालते आणि ते इतकं लांबवते की पहिल्यांदा बघणाऱ्याला विश्वास बसत नाही. बरणी काचेची असली की बाहेरून अंड्यांचा पुंजका दिसतो, तांदळाच्या दाण्यांसारखी अंडी एकाला एक चिकटून, आणि वर पांढऱ्या फेसाचं बूच. ऊब नीट असेल तर दोन आठवड्यांच्या आसपास पिल्लं त्याच बुचातून वर येतात. आधी फिकट असतात, काही तासांत काळी पडतात.

मग पाच वेळा कात टाकायची, महिना-दीड महिन्यात पंख. पंख आल्यावर लगेच अंडी देत नाहीत, अजून दोन-चार आठवडे जातात. नर पिवळेधमक झाले की समजायचं वेळ आली.

आवाज: जवळजवळ नाही. वास: कोरडं ठेवलं तर गवताचा वास, ओलं राहिलं तर सहन होणार नाही.

लेस्टरची_सई

कॉव्हेंट्रीकर, किती छान लिहिलंत! चारा काय देता? मी डब्यातल्या टोळांना कोबीचं पान टाकते, पण दुसऱ्या दिवशी डबा आतून घामेजतो.

कॉव्हेंट्रीकर

कोबी कमी करा. मुख्य चारा गवत आणि कोरडा गव्हाचा कोंडा. रस्त्याकडेचं किंवा औषध मारलेल्या लॉनवरचं गवत अजिबात नको, त्यातल्या औषधाने टोळही मरतील आणि सरड्यालाही धोका.

मी घरातच गहू उगवतो. नवरात्रात घटाभोवती माती पसरून आपण जसे गहू पेरतो, अगदी तसंच, पण उथळ ट्रेमध्ये. आठ-नऊ दिवसांत वीतभर कोवळे पोपटी अंकुर येतात. दर तीन दिवसांनी नवा ट्रे पेरायचा की साखळी तुटत नाही. कापून, पाणी पुसून टाकायचे. टोळ तुटून पडतात, मान खाली-वर करत पातीच्या कडेने खात जातात, शांत खोलीत तो कुरकुर आवाज ऐकू येतो.

विकतचा डबा आणलात तरी हे करा. डब्यातून थेट सरड्यासमोर टाकू नका, आधी एक-दोन दिवस मोठ्या उबदार खोक्यात ठेवून भरपूर खाऊ घाला. दुकानात उपाशी बसलेला टोळ म्हणजे नुसतं कवच.

पशुवैद्य_मंजिरी

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा जोरदार पाठिंबा. मी प्राण्यांची डॉक्टर आहे, सरपटणारे प्राणी नियमित बघते. विकत की घरचे, यापेक्षा टोळाने काय खाल्लंय आणि तुम्ही त्यावर काय भुरभुरवलंय, हा प्रश्न मोठा आहे.

टोळ असो, रातकिडा असो, मीलवर्म (भुंग्याची अळी) असो, सगळ्यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम फारच कमी. सरड्याला हवं असतं उलटं, फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट कॅल्शियम. ते अन्नातून मिळालं नाही की शरीर हाडांतून काढून घेतं. माझ्याकडे येणाऱ्या सरड्यांत हा आजार सगळ्यांत जास्त. खालचा जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा दबतो, पुढच्या पायांची बोटं थरथरतात, पाय धनुष्यासारखे वाकलेले, आणि प्राणी पोट उचलून चालू शकत नाही. वाकलेलं हाड पुन्हा सरळ होत नाही.

उपाय साधा आहे. पिशवीत चिमूटभर कॅल्शियम पावडर, त्यात टोळ, हलवायचं आणि लगेच द्यायचं, नाहीतर टोळ अंग झाडून पावडर काढून टाकतो. जोडीला यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा, कारण त्या किरणांशिवाय त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम पचत नाही. काचेतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते. दिवा पेटलेला दिसतो पण किरणं कमी झालेली असतात, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदला.

आकाराचा नियम: सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा टोळ मोठा नको.

बे_एरियातला_बंड्या

रातकिड्यांबद्दल सईताईंनी विचारलं होतं. चालतात, पण दोन त्रास. नर रात्रभर गातात. आणि न खाल्लेले रातकिडे पेटीत राहिले की झोपलेल्या सरड्याला चावतात, शेपटीला आणि बोटांना. संध्याकाळी उरलेले मोजून बाहेर काढायचे. टोळ तसे लपत नाहीत, काटकीवर चढून समोर बसतात, हा मोठा फायदा. शिवाय घरगुती रातकिड्यांत एक विषाणू आहे, त्याने युरोपात आणि नंतर आमच्याकडे कारखानेच्या कारखाने रिकामे केले. म्हणून आता बरेच जण वेगळ्या जातीचे, पट्टेवाले रातकिडे विकतात.

वरूडचा_संत्रेवाला

हा धागा वाचून मला २०२० चा मे महिना आठवला. लॉकडाऊन चालू, आणि मध्य प्रदेशातून टोळधाड अमरावती जिल्ह्यात उतरली. मोर्शी, वरूड, मग काटोल, आष्टीकडे. संध्याकाळी झाडांवर उतरायची. सकाळी ऊन तापलं की एकदम उठायची आणि आभाळ तपकिरी व्हायचं. आम्ही पोरंसोरं, बायामाणसं बागेत थाळ्या आणि पिपे बडवत फिरलो. रात्री कृषी विभागाची माणसं ट्रॅक्टरवरच्या पंपाने फवारणी करायची, कारण रात्रीच तो बसलेला असतो.

तुम्ही त्यालाच डब्यात विकत घेता, गहू पेरून खाऊ घालता, हे वाचून डोकं गरगरलं राव. पण पोराने जीव लावलाय तर त्याचं पोट भरलंच पाहिजे, हेही खरं.

एक मात्र कळकळीने सांगतो. इकडे कुणी पाळत असेल तर धाडीतले टोळ कधीही प्राण्याला देऊ नका. तेव्हा फवारलेल्या बागांखाली पडलेले टोळ कोंबड्यांनी खाऊ नयेत म्हणून आम्ही कोंबड्या डालून ठेवल्या होत्या.

जुना_प्राध्यापक

वरूडकर, तुमचा टोळ आणि सईताईंच्या डब्यातला टोळ खरंच एकाच जातीचा असू शकतो. इंग्लंडात दोन जाती विकतात, वाळवंटी टोळ आणि स्थलांतरी टोळ. आपल्याकडे धाड आली ती वाळवंटी टोळाची. त्यावर नजर ठेवणारी सरकारी यंत्रणा १९३९ पासून आहे, आज तिचं केंद्र जोधपूरला आहे.

यातली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट सांगतो. एकटा वाढलेला टोळ हिरवट, भित्रा, दुसऱ्यापासून दूर राहणारा. तोच गर्दीत वाढला की पिवळा-काळा होतो आणि घोळक्याने चालू लागतो. फार काळ लोकांना या दोन वेगळ्या जाती वाटत होत्या. १९२१ मध्ये बोरिस उवारोव्ह यांनी स्थलांतरी टोळाबाबत मांडलं की ही एकाच जातीची दोन रूपं आहेत. पुढे प्रयोगांतून दिसलं की वाळवंटी टोळाच्या मागच्या मांड्यांना वारंवार स्पर्श होत राहिला की दोन-तीन तासांत त्याची वागणूक बदलते, आणि २००९ मध्ये त्यामागे सेरोटोनिन हे मज्जासंस्थेतलं रसायन असल्याचं सिद्ध झालं.

लेस्टरची_सई

प्राध्यापक काका, म्हणजे हे तेच! आमच्या डब्यातला एक छोटा टोळ निसटून खिडकीतल्या कुंडीवर जाऊन राहिला होता. मुलाने त्याला मारू दिलं नाही. तो पुढच्या कातीनंतर हिरवा दिसायला लागला आणि आम्हाला वाटलं कुंडीतली पानं खाऊन झाला असेल. मुलाला वाचून दाखवते, तो वेडा होईल आनंदाने.

रानभूल

अंगणातल्या नाकतोड्यांचा प्रश्न राहिलाच. इंग्लंडचं मला माहीत नाही, पण महाराष्ट्रात हे वाचणाऱ्यांसाठी लिहितो. पकडून देऊ नका. औषधाचा धोका वर आलाच आहे. दुसरा धोका विषारी जातींचा. रुईच्या झाडावर निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा देखणा नाकतोडा दिसतो. तो रुईचा चीक पचवून त्यातलं हृदयावर परिणाम करणारं विष अंगात साठवतो, आणि चिमटीत धरला तर ते फवारतोही. इतका भडक रंग म्हणजे ‘मला खाऊ नका’ अशी पाटीच.

बंडूशेठ, तुमच्याकडचे काजवेही लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या काही काजव्यांत असं विष असतं की एक काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. रात्री खिडकी उघडी आणि पेटीचं झाकण सैल, एवढं पुरतं.

बे_एरियातला_बंड्या

हे नव्हतं माहीत. आमच्या भागात चमकणारे काजवे दिसत नाहीत, पण मेव्हणा न्यू जर्सीला आहे आणि त्याच्याकडे ड्रॅगनच आहे. आत्ता फोन करतो.

कोथरूड_कट्टा

पुण्यात टोळ कुठे मिळतील? माझ्याकडे हिरवा इग्वाना आहे.

पशुवैद्य_मंजिरी

कट्टा, इग्वानाला टोळ नकोच. तो पूर्ण शाकाहारी आहे. किडे किंवा अंडी घालून त्याला प्रथिनं वाढवली तर वर्षांनी मूत्रपिंडं जातात. त्याला पालेभाज्या, शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं द्या. आणि हिरवा इग्वाना आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीतला आहे, २०२४ च्या नियमांनुसार पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. केली नसेल तर आधी ती करा.

कोथरूड_कट्टा

विकणाऱ्याने तर मीलवर्मचा डबा सोबत दिला होता. आजच बंद करतो. धन्यवाद डॉक्टर.

रानभूल

आणि आपल्याकडची घोरपड, चांदणी कासव, साधा बागेतला सरडा, यातलं काहीही घरी आणू नका. घोरपड आणि चांदणी कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, थेट तुरुंग आहे.

तुळसमाळ

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नये. ज्या प्राण्याला रोज वीस जीव खाऊ घालावे लागतात तो मुळात घरात आणावाच का? कुत्र्या-मांजरालाही मांस लागतं हे मला ठाऊक आहे. पण लहान मुलाच्या हाताने जिवंत किडा टाकायचा आणि तो धडपडताना बघायचा, याने मुलाचं मन कसं घडेल याची मला काळजी वाटते.

सिडनीची_मावशी

तुळसमाळ, तुमची काळजी मला पोहोचते. मी ऑस्ट्रेलियात राहते, म्हणजे या सरड्याच्या माहेरीच. गावाकडे गाडीने गेलं की कुंपणाच्या खांबावर हे ऊन खात बसलेले दिसतात. इथे रानातून पकडायला बंदी आहे, पैदास केलेला घ्यायचा आणि परवाना काढायचा.

माझ्या नातीने ड्रॅगन पाळल्यापासून तिचा जीवांबद्दलचा आदर वाढलाय, कमी झालेला नाही. किडेही नीट ठेवले पाहिजेत, त्यांनाही ऊब, चारा आणि जागा द्यायची, हे ती आता लहान भावाला शिकवते. तिच्याकडे नियम आहे, एका वेळी सरडा खाईल तेवढेच टाकायचे आणि तमाशा म्हणून कुणाला बोलवायचं नाही.

सई, सासऱ्यांसाठी एक सुचवते. पेटी मुलाच्या खोलीत, किडे दुसरीकडे, आणि जेवणाची वेळ ते हरिपाठाला बसतात तीच ठेव. पण त्यांच्यापासून लपवू नकोस. आधी फोनवर सांग. मोठी माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त समजून घेतात.

वरूडचा_संत्रेवाला

मावशी, पटलं. माझे वडीलही माळकरी आहेत, घरात मांजर आहे. ते म्हणतात, मांजराला माळ घालायची नसते.

तुळसमाळ

मावशी, एवढ्या जाणिवेने मूल वाढत असेल तर माझा आक्षेप पुष्कळ कमी होतो. वरूडकरांच्या वडिलांना नमस्कार सांगा.

मँचेस्टर_मिसळ

घरी वाढवणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना, कुणी लिहिली नाही म्हणून. मी विद्यापीठात कीटकांच्या प्रयोगशाळेत काम करते. टोळांची सुकलेली विष्ठा आणि कातीचा भुगा हवेत उडतो, आणि वर्षानुवर्षं तो श्वासात गेला की ॲलर्जी येते. आधी नाक गळणं, डोळे चुरचुरणं, मग दमा. आमच्याकडे याची नोंद ठेवली जाते, मास्क आणि हातमोजे सक्तीचे. घरात कुणाला दमा असेल तर झोपायच्या खोलीत टोळांची पेटी नको.

आणि उरलेले टोळ बागेत सोडू नका. इथल्या १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार परका प्राणी मोकळा सोडणं गुन्हा आहे. पळालेला एखादा थंडीत मरेल, पण मुद्दाम सोडणं वेगळं.

लेस्टरची_सई

बाप रे, धाकट्यालाच बालदमा आहे. म्हणजे घरी पैदास करायचं बारगळलंच म्हणायचं?

कॉव्हेंट्रीकर

सई, तसं असेल तर करू नका. माझी पेटी बाहेरच्या शेडमध्ये आहे आणि तिथे दर हिवाळ्यात ऊब टिकवताना नाकी नऊ येतात. माझ्याकडे चार मोठे सरडे आणि दोन गिरगिट आहेत म्हणून मला परवडतं. एका सरड्यासाठी वर्षभर हीटर चालवणं आणि दर तीन दिवसांनी गहू पेरणं हे खर्चात बसणार नाही.

पशुवैद्य_मंजिरी

आणि हिशोबाची दुसरी बाजू बघा. आज पैदास सुरू केलीत तर अंडी, पाच काती, पंख, पुन्हा अंडी, असं करत चक्र नीट बसायला तीन-चार महिने जातात. तोवर तुमचा ड्रॅगन नऊ महिन्यांचा होईल. पिल्लू असताना त्याचं बहुतेक खाणं किडेच असतात, पण वर्षाच्या आसपास ते उलटतं. मोठ्या ड्रॅगनला मुख्य आहार पालेभाज्यांचा आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदा, थोडेच. जास्त दिले तर यकृतात चरबी साठते. म्हणजे तुमची पेटी भरात येईल तेव्हा त्याची गरज ओसरलेली असेल.

आत्तापासूनच रोज सकाळी आधी बारीक चिरलेला पाला ठेवा, नंतर टोळ. केल, मोहरीचा पाला, डँडेलियनची पानं, थोडा लाल भोपळा किसून. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झालेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आधी तो बघणारही नाही. रोज ठेवत राहा.

लेस्टरची_सई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याबरोबर बसून ठरवलं. पैदास नाही. डबे दुकानात जाऊन स्वतः बघून आणायचे, थंडीत टपालाने मागवायचे नाहीत. एक मोठं काचेचं खोकं घेतलं, ते युटिलिटी खोलीत, धातूची जाळी लावून. गव्हाचे दोन ट्रे आजच पेरले. खोकं साफ करायचं काम नवऱ्याकडे, मास्क लावून. यूव्हीबी दिव्याची तारीख पाहिली, बदलायची वेळ उलटून गेली होती. नवा मागवला.

सासऱ्यांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, गहू कुठला पेरला? इथला की गावाकडचा?

कॉव्हेंट्रीकर

मस्त! ट्रे खिडकीत ठेवा, पण पहिले दोन दिवस वरून ओला कपडा झाका. आणि कापताना मुळापासून नका कापू, बोटभर ठेवा, दुसरी कापणी मिळते.

कोथरूड_कट्टा

सईताई, तो कुंडीतला हिरवा टोळ अजून आहे का?

लेस्टरची_सई

आहे. पंख फुटलेत. त्याला मात्र कुणाच्या ताटात वाढायचं नाही असं फर्मान निघालंय, आणि आता त्याच्यासाठी वेगळा बल्ब मागितला जातोय. कॉव्हेंट्रीकर, एकट्या टोळाला किती वॅटचा पुरेल?

कॉव्हेंट्रीकर

लहान पेटी असेल तर २५ चा पुरे. वर काटकी ठेवा म्हणजे त्याला हवं तेव्हा जवळ जाता येईल, आणि जास्त तापलं तर खाली उतरता येईल.